खोळंबा: लंडन-कलकत्ता बस आणि सरहद्दीवरचा वेळ

प्रवासातल्या थांबण्याला मराठीत दोन निराळे शब्द आहेत: मुक्काम आणि खोळंबा. मुक्काम प्रवासी स्वतः ठरवतो. जनावरांना चारापाणी, माणसांना विसावा, एखादे तीर्थ, एखाद्या ओळखीच्या घरचा पाहुणचार अशी त्याची कारणे असतात आणि ती चारचौघांत सांगता येतात. खोळंबा दुसरे कोणीतरी घडवून आणते. कधी नदीचा पूर, कधी कोसळलेली दरड. पण पुष्कळदा एखादा अंमलदार, एखादा शिक्का, किंवा जिच्याविषयी प्रवाशाला काही सांगितले जात नाही अशी एखादी आज्ञा. प्रवासवर्णनाच्या आपल्या समीक्षेत मुक्कामांना भरपूर जागा मिळाली आहे. स्थळवर्णन, व्यक्तिचित्रण, निसर्गचित्रण ही परिचित प्रकरणे मुक्कामांवरच उभी आहेत. खोळंब्याची गणना मात्र ‘प्रवासातील गैरसोयी’ या सदरात करून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्हांला असे सुचवायचे आहे की खोळंबा हे इतिहासाचे एक साधन आहे. कोणत्या वाटेवर कोणाची सत्ता होती, ती किती निर्धास्त होती आणि कोणाला ती कोणत्या नजरेने पाहत होती, हे मुक्कामापेक्षा खोळंब्यातून अधिक स्पष्ट दिसते. यासाठी उदाहरण घेतले आहे ते विसाव्या शतकाच्या मध्यावर काही काळ धावलेल्या लंडन-कलकत्ता बसचे आणि तिच्या वाटेवरच्या सरहद्दींचे.

१

१५ एप्रिल १९५७ रोजी ‘इंडियामन’ नावाची एक बस २० प्रवासी घेऊन लंडनहून कलकत्त्याला निघाली. ओस्वाल्ड-जोसेफ गॅरो-फिशर हे तिचे संयोजक आणि चालकही. जाण्याचे भाडे ८५ पौंड, येण्याचे ६५. युरोप ओलांडून तुर्कस्तान, इराण आणि पाकिस्तान या मार्गाने बस भारतात आली. दिल्ली, आग्रा, अलाहाबाद, बनारस करीत ५ जूनला, म्हणजे सुमारे ५० दिवसांनी, कलकत्त्यास पोहोचली. परतून ती लंडनला दाखल झाली २ ऑगस्टला, ठरल्या वेळेपेक्षा १६ दिवस उशिरा.

हा प्रसंग आज बहुधा गंमत म्हणून सांगितला जातो. लंडनहून कलकत्त्याला बस जात असे, यावर ऐकणाऱ्याचा सहसा विश्वास बसत नाही. पण तिचा काळ ध्यानात घेतला तर गंमत थोडी ओसरते. सुएझ कालवा नोव्हेंबर १९५६ पासून बंद होता. तो पुन्हा खुला झाला तो याच १९५७ च्या एप्रिलात. कालव्याच्या पेचप्रसंगामुळे इंग्लंडमध्ये डिसेंबर १९५६ पासून पेट्रोलचे रेशनिंग लागू होते आणि ते उठले मे १९५७ मध्ये. म्हणजे ही बस निघाली तेव्हा लंडनमध्ये पेट्रोल कूपनांवर मिळत होते. ज्या जलमार्गाने इंग्रजी साम्राज्याची हिंदुस्थानशी ये-जा चाले, तो मार्ग साम्राज्याच्या हातून निसटत असताना जमिनीवरून भारतात जाण्याची ही कल्पना आकाराला आली. त्याआधी, सप्टेंबर १९५५ मध्ये, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील काही विद्यार्थी दोन लँड रोव्हर गाड्यांतून लंडनहून निघाले होते आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोहोचले होते. त्यांच्यापैकी टिम स्लेसर यांनी त्या मोहिमेवर पुस्तक लिहिले. परंतु मोहीम आणि बस यांत एक मूलभूत भेद आहे. मोहिमेला उशीर होत नाही, कारण तिला वेळापत्रकच नसते. बसने तिकीट विकले की तिने दिवसाचे वचन दिले. उशीर ही कल्पनाच मुळी वचनानंतर जन्माला येते.

या वचनात एक गृहीत दडलेले होते. रेल्वेचे वेळापत्रक शक्य होते ते रूळ, सिग्नल, स्टेशनमास्तर आणि स्टेशनातले घड्याळ एकाच यंत्रणेच्या ताब्यात असतात म्हणून. लंडन-कलकत्ता बसला रस्ता, बरावाईट का होईना, सलग होता. सत्ता सलग नव्हती. आठ-दहा राज्यांनी आपापल्या वेशीवर तिला जाऊ द्यायला मनापासून संमती दिली, तरच तिचे वेळापत्रक खरे ठरणार होते. ते १६ दिवस या दृष्टीने पाहिले म्हणजे ते फारसे आश्चर्याचे वाटत नाहीत. अशा प्रवासाला वेळापत्रक असू शकते ही श्रद्धाच अधिक आश्चर्याची आहे.

२

सरहद्दीवर वेळ नेमका जातो कुठे? प्रवासी म्हणतो, “रांगेत”. पण रांग ही केवळ दिसणारी गोष्ट. तिच्यामागे निरनिराळी कागदपत्रे निरनिराळ्या गतीने सरकत असतात. माणसाचे पारपत्र आणि त्यावरील व्हिसा एका खिडकीत तपासला जातो. सामान दुसऱ्या टेबलावर उघडले जाते. त्या काळात पटकी, देवी यांच्या लशी टोचून घेतल्याचा दाखलाही लागे, आणि तो नसला किंवा त्याची मुदत संपलेली असली तर माणूस आरोग्य-अधिकाऱ्याच्या हवाली होई. यांखेरीज बसचे स्वतःचे एक पारपत्र असे. त्याला ‘कार्ने द पासाज’ म्हणतात. वाहनाच्या मालकाने आपल्या देशातील मोटर-संघटनेकडे मोठ्या रकमेची हमी ठेवायची आणि संघटनेने त्याला एक पुस्तिका द्यायची, अशी ही व्यवस्था. पुस्तिकेतील प्रत्येक पानाचे तीन भाग. एक भाग देशात शिरताना नाक्यावर फाडून घेतात, दुसरा देशाबाहेर पडताना, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला तर ते वाहन आपल्या हद्दीत विकले गेले असे धरून तो देश आयातशुल्क मागू शकतो. त्यामुळे वीस प्रवाशांचे कागद बिनचूक असूनही बसचा एक शिक्का अडला की वीसही जण अडत. आणि एका प्रवाशाचा व्हिसा अडला की बस अडे. बस या वाहनाचा हा स्वभावच आहे. तिच्यातील सर्वांचा वेळ एकत्र गुंफलेला असतो.

वेळ मोजण्याची साधनेही वाटेत बदलत. इराणचे घड्याळ ग्रिनिचच्या साडेतीन तास पुढे, अफगाणिस्तानचे साडेचार, पाकिस्तानचे पाच, भारताचे साडेपाच. दोन देशांतील अंतर कुठे एक तासाचे, कुठे अर्ध्याच तासाचे. एका दरवाजाच्या बंद होण्याची वेळ झालेली असते तेव्हा शेजारच्या दरवाजाच्या घड्याळात अजून अर्धा तास शिल्लक असतो, आणि या अर्ध्या तासाने एक रात्र पदरी पडू शकते. इराण आणि अफगाणिस्तान या देशांत तेव्हा सौर हिजरी कालगणना चाले. इंडियामन निघाली तो १९५७ चा वसंत तेथील हिशेबाने १३३६ सालचा. साप्ताहिक सुट्टी तेथे शुक्रवारी, पश्चिमेकडे आणि भारतात रविवारी. पाकिस्तानने ती १९७७ मध्ये रविवारची शुक्रवारी नेली आणि १९९७ मध्ये परत रविवारी आणली. या सर्व गोष्टी एकेकट्या क्षुल्लक आहेत. पण प्रत्येक राज्य प्रवाशाला पहिल्याच दारात सांगत असे की, ‘आजचा वार कोणता आणि आता किती वाजले, हे येथे आम्ही ठरवतो.’

याहून बिकट प्रकार व्हिशांच्या साखळीचा. प्रत्येक व्हिशाला मुदत असते. एका सरहद्दीवर आठवडा गेला की पुढच्या देशाचा व्हिसा वाट पाहता पाहता मरतो. तो पुन्हा मिळवावा तर त्यानंतरच्या देशाची तारीख हुकते. दुसऱ्या महायुद्धातील निर्वासितांवर आना सेगर्स यांनी लिहिलेली ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी (१९४४) याच साखळीवर रचलेली आहे. मार्सेय बंदरात अडकलेली माणसे एक कागद मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली पाहतात आणि पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन उभी राहतात. बसचे प्रवासी निर्वासित नव्हते, आणि ही तुलना आम्ही फार ताणू इच्छीत नाही. पण कागदांचे गणित दोन्हीकडे एकच आहे.

३

रस्ते वाईट म्हणून उशीर होत असे, असे एक सोपे उत्तर दिले जाते. ते अंशतः खरे आहे. पण पुढच्या दशकाचा इतिहास पाहता ते पुरेसे ठरत नाही. १९६० च्या दशकात अफगाणिस्तानातील रस्ते झपाट्याने सुधारले. हेरात ते कंदाहार हा रस्ता सोव्हिएत संघाने बांधला, कंदाहार ते काबूल अमेरिकेने. शीतयुद्धातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकाच रस्त्याचे दोन तुकडे बांधून दिले आणि प्रवाशाचे कित्येक दिवस वाचवले. म्हणजे रस्त्याचा वेळ कमी होत गेला. सरहद्दीचा वेळ मात्र कमी झाला नाही. उलट तो अधिकाधिक बेभरवशाचा होत गेला.

तारखा बोलक्या आहेत. पख्तुनिस्तानच्या वादातून सप्टेंबर १९६१ मध्ये अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांची सरहद्द बंद झाली आणि ती १९६३ पर्यंत बंद राहिली. फळांचा हंगाम तोंडावर होता. काबूल-कंदाहारची द्राक्षे नेहमीच्या ट्रकांऐवजी विमानांतून भारतात पाठवावी लागली. १९६५ च्या युद्धाने भारत-पाकिस्तान वाहतूक तोडली. नंतर फिरोजपूरजवळच्या हुसैनीवाला नाक्यावरून परदेशी प्रवासी ये-जा करीत; १९७१ च्या युद्धाने तोही दरवाजा बंद झाला. सिमला करारानंतर दोन्ही देशांतील रेल्वे पुन्हा सुरू व्हायला १९७६ चा जुलै उजाडला. १९६७ ते १९७५ या काळात सुएझ कालवाही पुन्हा बंद होता, त्यामुळे समुद्रानेही लांबचा वळसा घ्यावा लागे.

तरीही हाच काळ या मार्गाचा सर्वांत गजबजलेला काळ. ऑक्टोबर १९६८ मध्ये सिडनीहून निघालेली ‘अल्बर्ट’ ही दुमजली बस, मधला समुद्र जहाजावरून ओलांडून, १३२ दिवसांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये लंडनला पोहोचली आणि पुढची काही वर्षे लंडन-कलकत्ता फेऱ्या करीत राहिली. हिप्पी म्हणून ओळखली जाणारी हजारो तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोर या वाटेने भारतात येत. इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागातील ‘लाले’ या उपाहारगृहात (परदेशी मंडळींत ते ‘पुडिंग शॉप’ म्हणून प्रसिद्ध होते) एक सूचनाफलक असे. कोणाला गाडीत जागा हवी, कोण कुठे अडकले आहे, कोणाचा निरोप कोणासाठी ठेवला आहे, हे सगळे त्यावर चिकटवलेले असे. सरकारी वेळापत्रकाला जे जमले नाही ते या फलकाने आपल्या परीने केले. ज्या मार्गावर उशीर हाच नियम आहे, त्या मार्गाचे खरे वेळापत्रक अशा चिठ्ठ्यांचेच असू शकते.

१९७९ मध्ये हे सर्व संपले. फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि पुढल्याच वर्षी इराण-इराक युद्ध पेटले. तोवर रस्ते पूर्वी कधी नव्हते इतके चांगले झाले होते. मार्ग बंद पडला तो खड्ड्यांमुळे नाही. म्हणूनच आम्हांला वाटते की या वाटेवरच्या खोळंब्याचा इतिहास हा रस्तेबांधणीचा इतिहास म्हणून वाचता येत नाही. तो सत्तांचा इतिहास म्हणूनच वाचावा लागतो.

४

सरहद्दीवर कागद दाखवण्याची ही रीत पुरातन आहे असा आपला समज असतो. परवाने जुनेच आहेत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत माल आणि माणूस यांच्यासाठी ‘दस्तक’ आढळते, वाटेत जकातीच्या चौक्या आढळतात. परंतु प्रत्येक माणसाजवळ, तो कोणीही असो, एकाच नमुन्याची ओळखपुस्तिका असलीच पाहिजे, हा दंडक अलीकडचा आहे. १९१४ पूर्वी युरोपाच्या बऱ्याच भागात पारपत्राविना हिंडता येई. महायुद्धात तात्पुरती म्हणून आलेली बंधने नंतर उठली नाहीत. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पारपत्राचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानात पारपत्राविना प्रवेशास बंदी करणारा कायदा झाला. फाळणीनंतरही काही काळ भारत आणि पश्चिम पाकिस्तान यांमध्ये माणसे कागदाविना जात-येत होती. जुलै १९४८ मध्ये परवानापद्धती आली आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये पारपत्र व व्हिसा. इंडियामन वाघ्याच्या दिशेने आली तेव्हा ती सरहद्द अवघी दहा वर्षांची होती आणि तिथला व्हिसा पाच वर्षांचाही नव्हता.

त्याच काळात मराठी भाषेच्या प्रदेशातही एक सरहद्द घट्ट होत होती. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यामध्ये बोली, देवस्थाने आणि सोयरीक यांची सलगता होती. राज्ये मात्र दोन होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या नाक्यावर पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेली वाहतूक रोखली. कॅसलरॉकहून घाट उतरून जाणारी रेल्वे थांबली. माहेर-सासर, जत्रा आणि बाजार यांच्यामध्ये परवाना येऊन उभा राहिला तो डिसेंबर १९६१ पर्यंत. लंडनच्या बसला आपल्या प्रदेशातून वाट देणारे राज्य त्याच वर्षी काही मैलांवरच्या पेडण्याची वाट अडवून होते. यात विसंगती नाही. वाट देणे आणि वाट अडवणे ही एकाच अधिकाराची दोन रूपे आहेत. गोव्याच्या बाबतीत तो अधिकार वसाहतवादाविरुद्ध वापरला गेला, हे मान्य करूनही खोळंबा झाला तो दोन्हीकडच्या सामान्य कुटुंबांचा, हे विसरता येत नाही.

‘नाका’ या शब्दाचा प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. वाटेच्या तोंडाशी माल अडवून जकात घेण्याची जागा, हा त्याचा अर्थ. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. ट्रकांच्या रांगा उठल्या, जकात नाके ओस पडले. शब्द मात्र टिकला. आज नाका म्हणजे चौक, बसचा थांबा, कॉलेजातल्या मुलांनी चहा पीत उभे राहण्याची जागा. जिथे एकेकाळी माणसाला अडवून ठेवीत, तिथे तो आता आपणहून थांबतो. खोळंब्याचा मुक्काम झाला! राज्याराज्यांमधल्या नाक्यांचे भाग्य मात्र अजून इतके उजळलेले नाही.

५

आता साहित्याकडे वळू. प्रवासवर्णन शिकवताना आम्हांला वारंवार जाणवले आहे की या प्रकारातील श्रेष्ठ कृती बहुधा खोळंब्यातून जन्मलेल्या असतात. रॉबर्ट बायरन यांच्या ‘द रोड टू ऑक्सियाना’ (१९३७) या पुस्तकातील लेखक १९३३ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी अफगाणिस्तानातून माघारी फिरतो आणि इराणमध्ये वसंताची वाट पाहतो. निकोला बुव्हिए आणि त्यांचे चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने १९५३ मध्ये एका छोट्या फियाट गाडीतून पूर्वेकडे निघाले. बर्फामुळे आणि पैशांअभावी त्यांचा सगळा हिवाळा तब्रीझमध्ये गेला. पुढे क्वेट्टा येथे बुव्हिए यांची हस्तलिखित पाने कचरा समजून फेकली गेली आणि ती शोधत त्यांना उकिरडा उपसावा लागला. या प्रवासाचे पुस्तक ‘ल्युझाज द्यु माँद’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. तब्रीझचा हिवाळा वगळला तर त्या पुस्तकाचा कणाच निघून जाईल.

आपल्याकडचे उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे. वरसईहून १८५७ मध्ये ते दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. पुढच्या वर्षी झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आज आपण इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. त्याचे कारण असे की गोडसे भटजींचा बेत ठरल्याप्रमाणे पार पडला नाही. तो पार पडता तर मथुरेच्या यज्ञाची आणि मिळालेल्या दक्षिणेची हकीकत तेवढी उरली असती. वाट अडली म्हणून ते साक्षीदार झाले.

यात वाङ्मयीन कारण दडलेले आहे. चालत्या वाहनातून प्रवाशाला देखावे दिसतात. अडलेल्या प्रवाशाला माणसे दिसतात. शिपाई कोणाशी अदबीने बोलतो, कोणाची ट्रंक उघडली जाते, कोणाची पुढे सरकवली जाते, चहा कोण विकतो, रात्री सरायीत जागा कोणाला मिळते, हे पाहायला तो मोकळा असतो. किंबहुना त्याला दुसरे कामच नसते. इतिहासकाराला हवी असते ती नेमकी हीच माहिती.

६

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो आणि तो आम्हांला टाळता येत नाही. खोळंब्याचे साहित्य कोणी लिहिले? बायरन, बुव्हिए, स्लेसर यांच्याजवळ अशी पारपत्रे होती की ज्यांच्यामुळे उशीर झाला तरी दार उघडणार याची खात्री होती. त्यांच्यासाठी खोळंबा हा अनुभव होता. याच वाटेने उलट दिशेला जाऊ पाहणाऱ्या माणसाची स्थिती वेगळी होती. भारतात पारपत्र देणे न देणे बराच काळ सरकारच्या मर्जीवर होते. सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात ही मर्जी घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी, १९६७ मध्ये, पारपत्राचा कायदा झाला. तोवर ब्रिटनने आपले दार ओढून घेतले होते. राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर बंधने घालणारा कायदा जुलै १९६२ पासून तेथे लागू झाला होता. म्हणजे लंडनहून येणाऱ्याचा खोळंबा वाटेतल्या नाक्यावर होई. लंडनला जाणाऱ्याचा खोळंबा घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच, स्वतःच्या जिल्ह्याच्या कचेरीत सुरू होई. पहिल्याचे प्रवासवर्णन झाले, दुसऱ्याची फाईल झाली.

हा भेद किती टोकाला जाऊ शकतो हे साहित्याच्या अभ्यासकांना वाल्टर बेन्यामिन यांच्या अखेरीवरून ठाऊक आहे. सप्टेंबर १९४० मध्ये ते डोंगर ओलांडून पोर्तबू या स्पॅनिश गावी पोहोचले. स्पेनमधून जाण्याचा व्हिसा त्यांच्यापाशी होता, फ्रान्समधून निघण्याचा परवाना नव्हता. त्यांना परत पाठवण्यात येईल असे सांगितले गेले आणि त्या रात्री त्यांनी विष घेतले. त्यांच्यासोबतच्या मंडळींना नंतर पुढे जाऊ दिले गेले. एका दिवसाचा खोळंबा म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या उपखंडातील दोन बसगाड्यांनी हा प्रश्न आपल्या दारात आणला. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने वाघा ओलांडून पाकिस्तानात गेले आणि मार्चपासून दिल्ली-लाहोर बस नियमित धावू लागली. त्याच उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले, तरी बस चालू राहिली. संसदेवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००१ मध्ये तिच्या बंदीचा निर्णय झाला. जुलै २००३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०१९ पासून ती बंद आहे. दिल्ली ते लाहोर हे अंतर सुमारे ५०० किलोमीटरचे, म्हणजे एका दिवसाचे. पण तिच्यातील बहुतेक प्रवासी फाळणीने विभागलेल्या कुटुंबांतले, आणि त्यांचा प्रवास व्हिशाच्या अर्जापासून सुरू होई. व्हिसा देशाचा नव्हे, ठरावीक शहरांचा मिळे; पोहोचल्यावर पोलिसांत वर्दी द्यावी लागे; बसच्या पुढेमागे बंदोबस्ताच्या गाड्या असत.

७ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेली श्रीनगर-मुझफ्फराबाद बस तर खऱ्या अर्थाने सरहद्द ओलांडतच नसे. ताबारेषेला सरहद्द म्हणायचे नाही, म्हणून पारपत्राऐवजी परवाना. आणि अमन सेतूपाशी उतरून पूल पायी पार करायचा, पलीकडे दुसऱ्या बसमध्ये बसायचे. अर्जांची छाननी दोन्ही बाजूंना होई आणि तीत आठवडे, कधी महिने जात. वाटेचे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आतले. १९५७ ची बस ५० दिवसांत लंडनहून कलकत्त्यास आली होती. अर्जाच्या दिवसापासून मोजले तर पुलापलीकडच्या बहिणीला भेटायला त्याहून अधिक काळ लागू शकत असे. हीही बस २०१९ पासून बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची तपासणी चौकीही बंद करण्यात आली.

या प्रवाशांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांचा खोळंबा अर्जांच्या नकलांत, जुन्या व्हिशांच्या शिक्क्यांत, चुकलेल्या लग्नांच्या आणि न गाठता आलेल्या अंत्यविधींच्या आठवणींत विखुरलेला आहे. प्रवासवर्णन म्हणजे ग्रंथरूपात आलेला प्रवास, अशी व्याख्या आपण धरून बसलो तर तो आपल्या अभ्यासाच्या कक्षेत कधी येणारच नाही. म्हणून विद्यार्थ्यांपुढे आमचे एक नम्र सुचवणे आहे. एखादे प्रवासवर्णन अभ्यासाला घेताना लेखकाने काय पाहिले याच्या जोडीला तो कोठे, किती काळ आणि कोणाच्या आज्ञेने थांबला, याची एक साधी तारीखवार यादी करावी. त्याच जागी त्याच दिवशी आणखी कोण थांबले होते, आणि त्यांच्यापैकी लिहू शकला तो एकटाच का, हा प्रश्न त्या यादीला विचारावा. जमल्यास आपल्या गावातील एखाद्या वृद्ध गृहस्थाकडे किंवा आजीकडे जुने पारपत्र, परवाना, गोव्याच्या नाक्यावरची चिठ्ठी आहे काय, याची चौकशी करावी आणि तिची हकीकत उतरवून घ्यावी. ही माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. हे काम खोळंबून चालणारे नाही.